रेणूत एका अणूचा फरक, ब्लॉटवर उलटं उत्तर: या चुका टाळा

लॅबमध्ये नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात पिपेट धरायला शिकतो, दुसऱ्यात सेल्स पॅसेज करायला, म्हणजे वाढलेल्या पेशी नव्या भांड्यात वाटून वाढवायला, आणि तिसऱ्यात विचारतो, "मॅडम, ट्रीटमेंट कधी देऊ?" मी म्हणते, "काय टाकणार आहेस ते आधी काढून दाखव." बहुतेक जण फ्रीजरकडे निघतात. मला कुपी बघायची नसते. वहीत हाताने काढलेली रेणूची आकृती बघायची असते.

हा माझा हट्ट आहे आणि तो मी सोडणार नाही. आपण दिलेलं नाव पेशीला कळत नाही, तिला रेणूचा आकार कळतो. ऑक्सिमॉर्फोन हे मॉर्फीनच्या कुळातलं जोरदार वेदनाशामक. त्याच्या नायट्रोजनवरचा एक कार्बनचा मिथाइल गट काढून तिथे तीन कार्बनचा ॲलिल गट बसवला की नॅलॉक्झोन होतं. म्हणजे ओपिऑइडच्या अतिमात्रेत थांबत चाललेला श्वास परत आणणारं औषध. दोन्ही त्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, त्याच खाचेत बसतात. एकाने संदेश सुरू होतो, दुसऱ्याने अडतो. बाकीचा सांगाडा तोच. हे ज्याने एकदा कागदावर शेजारी शेजारी काढून पाहिलं, तो पुढे "जवळजवळ तेच आहे, चालेल" असं म्हणत नाही. जे म्हणतात त्यांच्यासाठी हा लेख.

नावाआधीची दोन अक्षरं गाळणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण तिने आमचे तीन महिने खाल्ले.

सायक्लिक एएमपी हा पेशीतला जुना निरोप्या. त्याच्या फॉस्फरसवर, कड्याच्या बाहेर, दोन ऑक्सिजन असतात. त्यातला एक काढून तिथे गंधक बसवलं की सायक्लिक एएमपीएस तयार होतं. पण दोनातला कोणता ऑक्सिजन बदलला यावरून दोन वेगळे रेणू होतात, एसपी आणि आरपी. अणू तेच, संख्या तीच, रेणूभारही तोच, त्यामुळे मास स्पेक्ट्रमवर वस्तुमान पाहून हे दोन ओळखू येत नाहीत. पेशीत मात्र एसपी रूप प्रोटीन कायनेज ए, म्हणजे पीकेए, चालू करतं. कायनेज म्हणजे इतर रेणूंवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम. आरपी रूप त्याच जागी जाऊन बसतं, पण एन्झाइमचे नियंत्रक आणि उत्प्रेरक भाग सुटे होऊ देत नाही. म्हणजे पीकेए बंदच राहतं. गंधकाने जागा बदलली की चालू करणारा रेणू बंद करणारा होतो.

आमच्याकडे पीएचडीची एक विद्यार्थिनी होती. हुशार, कष्टाळू, हात अतिशय स्वच्छ. सी6 ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या गाठीच्या, पेशींवर सायक्लिक एएमपी वाढवणारं फोर्स्कोलिन टाकून ती क्रेब या प्रथिनावरचा, 133 व्या सेरीनवरचा फॉस्फेट ब्लॉटवर बघत होती. ब्लॉटवर प्रत्येक नमुन्याची एक लेन असते आणि प्रथिन तिच्यात गडद पट्टा, म्हणजे बँड, म्हणून दिसतं. फोर्स्कोलिन टाकलं की बँड उठायचा, छान. आता हे पीकेएमार्फतच होतंय हे दाखवायला तिला आरपी रूप हवं होतं. ऑर्डर दिली तर माल बाहेरून यायला आठवडे लागणार होते. शेजारच्या लॅबमधून तिने एक ट्यूब मागून आणली. झाकणावर मार्करने लिहिलेलं, "सीएएमपीएस, 10 एमएम", म्हणजे सायक्लिक एएमपीएस, 10 मिलिमोलार. तिला हवं होतं आरपी, म्हणून स्वतःच्या वहीत तिने आरपी लिहिलं. त्या क्षणी चूक झाली, आणि पुढे वहीच पुरावा म्हणून वापरली गेली.

पहिल्या ब्लॉटमध्ये "ब्लॉकर" आणि फोर्स्कोलिन एकत्र टाकलेल्या लेनमध्ये बँड जसाच्या तसा. ती म्हणाली, मात्रा कमी पडली. मात्रा वाढवली. तरी तसाच. मग अँटिबॉडी बदलली, सीरमची बॅच बदलली, पेशी नव्याने उघडल्या. दुसऱ्या महिन्यात तिने नुसता "ब्लॉकर" टाकलेली लेन लावली आणि त्यातही बँड उठला. इथे थांबायला हवं होतं. पण तोवर तिच्या मनात एक गोष्ट तयार झाली होती. या पेशींत पीकेएची काही वेगळीच जोडणी असावी, ब्लॉकरने उलटा परिणाम होत असावा, हे नवीन असावं. पोस्टरचा मसुदासुद्धा झाला होता. तो मसुदा माझ्याकडे आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "मूळ बाटली कुठे आहे?"

बाटली नव्हती. ज्याने ट्यूबा भरल्या तो मुलगा पदवी घेऊन गेला होता. शेवटी शेजारच्या लॅबच्या खरेदी-नोंदवहीत कॅटलॉग क्रमांक सापडला. एसपी.

मग सगळं लख्ख दिसलं. नुसत्या एसपीने पीकेए चालू होणारच, म्हणून बँड. फोर्स्कोलिनने बँड आधीच टोकाला गेलेला, त्यात एसपीने ना वाढ ना घट, म्हणून एकत्र लेनमध्ये काही हललं नाही. पेशी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होत्या. त्यांचं ऐकायचं सोडून आम्ही झाकणावरचं अर्धं नाव वाचत होतो.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. प्रत्येक ॲलिकॉटवर, म्हणजे वाटून भरलेल्या लहान ट्यूबवर, पूर्ण नाव, सुरुवातीच्या अक्षरांसकट. ते मावत नसेल तर झाकणावर फक्त क्रमांक, आणि नोंदवहीत त्या क्रमांकापुढे पूर्ण नाव, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, कशात विरघळवलं, किती तीव्रता, तारीख, कुणी भरलं. अर्धं नाव अजिबात नाही. अर्ध्या नावापेक्षा कोरं झाकण बरं, कारण कोऱ्या झाकणाची ट्यूब कुणी वापरत नाही. मागून आणलेल्या रेणूच्या मूळ बाटलीचा फोटो हवाच, फोटो नसेल तर ती ट्यूब परत. आणि वापरण्याआधी वहीत आकृती, गंधक कुठल्या बाजूला आहे त्यासकट.

हीच गोष्ट टॅमॉक्सिफेनची. त्याचं झेड रूप स्तनाच्या पेशींत इस्ट्रोजेनला अडवतं, ई रूप स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. दोहोंत फरक फक्त दुहेरी बंधाभोवतीच्या मांडणीचा. 4-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेन तर द्रावणातही एका रूपातून दुसऱ्या रूपात सरकतं. महिनोन्‌महिने उघड्या उजेडात ठेवलेली ट्यूब वापरून "यावेळी परिणाम कमी आला" अशी तक्रार माझ्याकडे आणू नका. बाटली काळ्या कागदात गुंडाळा, लहान ॲलिकॉट करा, उरलेलं टाकून द्या.

एका इनहिबिटरवर निकाल देणं

"एच-89 टाकला, बँड गेला, म्हणजे पीकेए." हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता ते दिसलं की मी पान तिथेच दुमडून ठेवते. एच-89 पीकेएला अडवतो हे खरं. तो एमएसके1 या दुसऱ्या कायनेजलाही अडवतो. आणि एमएसके1 क्रेबच्या त्याच 133 व्या सेरीनवर फॉस्फेट लावतं. मग बँड कुणामुळे गेला? त्या एका लेनवरून सांगता येत नाही. अशा वेळी ज्यांचा सांगाडा वेगळा आहे असे दोन इनहिबिटर वापरा. दोघांचं लक्ष्य तेच असेल आणि आकार वेगळा असेल तर दोघांच्या चुकाही सहसा वेगळ्या असतात.

निष्क्रिय जुळं न लावणं

रेणू ज्यात विरघळवतो तो नुसता डीएमएसओ हा कंट्रोल पुरेसा आहे असं नवीन मुलांना वाटतं, कारण तो फुकट असतो. पण डीएमएसओ फक्त द्रावकाचा हिशेब देतो. तुमच्या रेणूचा सांगाडा पेशीत आणखी कुठे कुठे चिकटतोय, हे त्याच्या निष्क्रिय जुळ्याशिवाय, म्हणजे जवळजवळ त्याच रचनेच्या पण लक्ष्यावर काम न करणाऱ्या रेणूशिवाय, कळत नाही.

फोर्स्कोलिनचंच बघा. ते ॲडिनिलिल सायक्लेज हे एन्झाइम चालू करतं, सायक्लिक एएमपी वाढवतं. पण ग्लुकोजचे वाहक आणि काही आयन चॅनेल यांनाही ते थेट अडवतं, आणि त्याचा सायक्लिक एएमपीशी संबंध नाही. 1,9-डायडिऑक्सिफोर्स्कोलिनमध्ये दोन हायड्रॉक्सिल गट नसतात. ते सायक्लेजला हलवत नाही, पण वाहकांना आणि चॅनेलना त्रास देतं. म्हणून दोन्ही शेजारी लावले की कुठला परिणाम कुणाचा ते वेगळं काढता येतं. फोर्स्कोलिनबद्दल मला आपुलकी आहे, ते कबूल करते. 1970 च्या दशकात मुंबईत मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात कोलियसच्या मुळांतून ते वेगळं केलं गेलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याच वनस्पतीतून कोलिओनॉल काढलं होतं. काही काळ हे दोन वेगळे रेणू मानले गेले आणि पुढे तो एकच असल्याचं सिद्ध झालं. रचनेच्या बारकाव्यावर एवढी मेहनत झालेला हा रेणू. आज त्याची बाटली उघडणाऱ्याला त्याच्यावर किती हायड्रॉक्सिल आहेत हे माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

फॉर्बॉल एस्टर या कुळातले रेणू वापरणाऱ्यांसाठी: त्यांतलं पीएमए प्रोटीन कायनेज सी चालू करतं, 4-अल्फा-पीएमए करत नाही. एका हायड्रॉक्सिलची दिशा उलटी, बस. एमईके हे कायनेज अडवायला यू0126 घेत असाल तर सोबत त्याचं निष्क्रिय जुळं यू0124 ठेवा. पीआय3के हे कायनेज अडवणाऱ्या एलवाय294002 मधल्या एका ऑक्सिजनच्या जागी एनएच बसवला की एलवाय303511 होतं, आणि पीआय3के सुटतं.

पण जुळ्यावरही आंधळा विश्वास नको. एलवाय303511 पीआय3केला सोडतं, पण एमटॉर आणि सीके2 या दुसऱ्या कायनेजांना धरतं. आणि फॉर्बॉलच्याच घरातलं 4-अल्फा-पीडीडी बरीच वर्षं "काहीच न करणारं" म्हणून वापरात होतं. 2002 मध्ये कळलं की ते टीआरपीव्ही4 हा कॅल्शियमचा चॅनेल उघडतं. ज्यांनी ते कंट्रोल म्हणून लावलं आणि कॅल्शियम मोजला, त्यांनी आपले जुने आलेख पुन्हा काढून बघायला हवे होते. "निष्क्रिय" याचा अर्थ "त्या एका लक्ष्यावर निष्क्रिय" इतकाच घ्या. त्यामुळे माझ्या प्लेटमध्ये कायम चार गट असतात: काहीच न टाकलेला, द्रावक, जुळं, आणि खरा रेणू. वेल, म्हणजे प्लेटमधले खळगे, वाचवण्यासाठी यातला एक गट काढायची परवानगी मी देत नाही.

क्षाराचं वजन विसरणं

बीटा रिसेप्टर चालू करणाऱ्या आयसोप्रिनलिनचा रेणूभार 211.3, त्याच्या हायड्रोक्लोराइडचा 247.7. 10 मिलीलिटरमध्ये 10 मिलिमोलार करायला पहिल्याचे 21.1 मिलिग्रॅम लागतात, दुसऱ्याचे 24.8. बाटलीत हायड्रोक्लोराइड आहे आणि आकडा इंटरनेटवरून मूळ रेणूचा घेतला, तर तुमची तीव्रता 15 टक्के कमी. बाटलीवरचा रेणूभार वाचा. दुसरीकडे बघूच नका.

आयसोप्रिनलिनचं द्रावण गुलाबी झालं की ते टाका. ते हवेने ऑक्सिडाइझ झालंय, आता तो रेणू तो राहिला नाही. ताजं करा, आणि थोडं ॲस्कॉर्बिक ॲसिड घाला.

डीएमएसओला पाणी समजणं

मात्रांचा आलेख करताना एकाच स्टॉकमधून, म्हणजे डीएमएसओतल्या तीव्र द्रावणातून, 1, 5, 10 मायक्रोलिटर टाकायचे, ही आळशी पद्धत. प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ वेगळा पडतो आणि रेणूबरोबर द्रावकाचाही आलेख तयार होतो. डीएमएसओ निरुपद्रवी नाही. एचएल-60 या ल्युकेमियाच्या पेशी 1.3 टक्क्यांच्या आसपास डीएमएसओत ठेवल्या तर त्या ग्रॅन्युलोसाइटच्या दिशेने परिपक्व होतात, मग तुमचा रेणू असो वा नसो. पातळीकरण आधी डीएमएसओतच करा, आणि शेवटी सगळ्या वेलमध्ये सारखाच 0.1 टक्का ठेवा.

स्टॉक सरळ पेशींवर सोडू नका. आधी कोमट मीडियामध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, मिसळा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सुया दिसल्या तर तुमचा रेणू द्रावणात नाही, तळाला पडलाय. 18 अंशांच्या जरा वर डीएमएसओ वितळतो, म्हणून एसीच्या खोलीत तो अर्धवटच वितळतो. ट्यूब पूर्ण वितळू द्या, व्हॉर्टेक्स करा, मगच पिपेट बुडवा. आणि मुंबई-कोकणातल्या लॅबवाल्यांनी पावसाळ्यात बाटलीचं झाकण उघडं ठेवून गप्पा मारू नयेत. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतो, मग पाण्यात न विरघळणारे रेणू त्याच बाटलीत बसून खाली येतात.

मीडियामधला रंग विसरणं

स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-7 पेशींवर इस्ट्रोजेनसारख्या रेणूंचं काम असेल तर फिनॉल रेड हा रंग नसलेला मीडिया आणि कोळशाने गाळलेलं सीरम. 1986 मध्येच दाखवलं गेलंय की फिनॉल रेडच्या मीडियात इस्ट्रोजेनसारखा परिणाम दिसतो, आणि पुढे तो त्यातल्या अशुद्धीमुळे असल्याचं कळलं. यावर वाद घालायला माझ्याकडे येऊ नका.

"टीएलआर2 चा लिगँड" असं मोघम म्हणणं

टीएलआर हे जंतूंचे रेणू ओळखणारे रिसेप्टर, आणि लिगँड म्हणजे रिसेप्टरवर बसणारा रेणू. पॅम2सीएसके4 आणि पॅम3सीएसके4 या लिगँडांत एका चरबीच्या साखळीचा फरक. दोन साखळ्यांचा रेणू टीएलआर2 आणि टीएलआर6 ला एकत्र आणतो, तीन साखळ्यांचा टीएलआर2 आणि टीएलआर1 ला. तिसरी साखळी टीएलआर1 मधल्या बोगद्यात शिरते. टीएलआर6 मध्ये तो बोगदा दोन फिनिलॲलानिननी बुजवलेला असतो. एक संपला म्हणून दुसरा वापरलात तर तुम्ही वेगळा प्रयोग केलात. तसं लिहा.

फक्त 24 तासांनी बघणं

सोयीचं असतं म्हणून सगळे संध्याकाळी रेणू टाकतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेशी उचलतात. बीटा रिसेप्टरवर ॲगोनिस्ट, म्हणजे त्याला चालू करणारा रेणू, टाकला की सायक्लिक एएमपी मिनिटांत वर जातं, आणि मग रिसेप्टरला फॉस्फेट लागतात, ॲरेस्टिन येऊन चिकटतं, रिसेप्टर आत ओढला जातो. 24 तासांनी तुम्हाला संदेश नाही, त्यानंतरची आवराआवर दिसते. 5, 15, 30 मिनिटं, 2 तास, आणि हवं तर मग 24. त्यासाठी जेवण पुढे ढकलावं लागतं, इलाज नाही.

मानवी रेणू, उंदराच्या पेशी

आता शेवटची चूक, जिच्यामुळे माझी झोप उडते, कारण ती महागही असते आणि नीट वाचलं तर पूर्ण टाळता येते.

थॅलिडोमाइड पश्चिम जर्मनीत 1957 मध्ये बाजारात आलं आणि 1961 च्या अखेरीस मागे घेतलं गेलं. तोवर हजारो बाळं अवयव अपुरे घेऊन जन्मली होती. त्या रेणूचं डावं-उजवं रूप वेगळं करून सुटका होत नाही, कारण शरीरात दोन्ही रूपं एकमेकांत बदलतात. तो कुणाला धरतो हे 2010 मध्ये टोकियोच्या हांदा यांच्या गटाने दाखवलं: सेरेब्लॉन नावाचं प्रथिन. त्याच रेणूला एक अमिनो गट जोडला की पोमॅलिडोमाइड. पोमॅलिडोमाइडमधला एक कार्बोनिल कमी केला की लेनॅलिडोमाइड. तिन्ही सेरेब्लॉनला चिकटून त्याला नवी शिकार, म्हणजे मोडायला नवी प्रथिनं, दाखवतात, पण शिकार सारखी नसते. लेनॅलिडोमाइडने सीके1-अल्फा हे प्रथिन चांगलंच मोडतं, पोमॅलिडोमाइडने फारच कमी. एका कार्बोनिलचा हा फरक.

इतका बारीक हिशेब असलेलं लेनॅलिडोमाइड आमच्या एका विद्यार्थ्याने उंदराच्या बी-पेशींवर टाकलं. त्याला इकारोस हे प्रथिन मोडताना दाखवायचं होतं. इकारोस जागचं हललं नाही. त्याने ठरवलं की माल खराब आहे. नवीन लॉट मागवला, तोही "खराब" निघाला. मग तिसरी कंपनी. प्रत्येक वेळी पैसे गेले, प्रत्येक वेळी कुरिअरची वाट. मी सुट्टीवरून परत आले तेव्हा तो पुरवठादाराला तक्रारीचं पत्र लिहीत होता.

माल चांगला होता. मानवी सेरेब्लॉनमध्ये 388 व्या जागी व्हॅलिन असतं. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये त्याच जागी, क्रमांक 391, आयसोल्युसिन असतं. फरक एका मिथिलीन गटाचा, आणि यावेळी तो औषधात नव्हता, प्रथिनात होता. तेवढ्यावर उंदराचं सेरेब्लॉन ही शिकार नीट धरत नाही.

असं फक्त इथेच होत नाही. लिपिड फोर-ए या चार साखळ्यांच्या रेणूने उंदराचा टीएलआर4 चालू होतो, माणसाचा अडतो. डीएमएक्सएए नावाच्या रेणूने उंदरांतल्या गाठी इतक्या सुंदर वितळल्या की तो फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेला आणि तिथे निष्फळ ठरला. 2013 मध्ये कळलं की तो उंदराच्या स्टिंग या प्रथिनाला धरतो, माणसाच्या नाही. त्या चाचण्यांत आशेने नाव नोंदवलेली माणसं होती. म्हणून मी या चुकीवर आवाज चढवते.

त्या मुलाला मी पत्र फाडायला लावलं नाही, बाजूला ठेवायला सांगितलं. "आधी तुझं प्रथिन काढ," म्हटलं. त्याने वहीत लेनॅलिडोमाइडच्या आकृतीशेजारी सेरेब्लॉनची खाच काढली, माणसाची आणि उंदराची, आणि त्या एका जागेभोवती गोल केला. मग मानवी मायलोमाच्या एमएम.1एस पेशी उघडल्या, त्याच पहिल्या, "खराब" लॉटमधून 10 मायक्रोमोलार टाकलं आणि सहा तासांनी उचलल्या. द्रावकाच्या लेनमध्ये इकारोसचा बँड जाड होता. शेजारच्या लेनमध्ये तो शोधावा लागत होता.